सुतावरची ड्युटी आणि साडीवरची ड्युटी

शेजारचे अण्णा दिवाळीच्या आधी बेळगावातल्या शहापूरच्या खडे बाजारातून एक साडी विकत घेऊन आले. घरात सहा माग असलेल्या माणसानं दुकानातली साडी आणावी याचं मला नवल वाटलं. त्यांनी ती ओसरीवर पसरली, पदराच्या कडेचे दोन धागे ओढून काढले आणि काडी पेटवून जाळून बघितले. टोकाला काळी, कडक गोळी झाली.

"पॉलिस्टरच. आपल्या मागावर हेच सूत असतंय," ते म्हणाले. "खरं ही साडी दुकानात ज्या दराला मिळाली, त्यात माझं सूत आणि मजुरीसुद्धा निघत नाही. चायना माल असणार. असल्या मालावर ती ड्युटी लावतात म्हणे, अँटी-डंपिंग. मग लावत का नाहीत रे?"

(आमच्या बेळगावकडच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.)

मी यंत्रमागवाल्यांचे जीएसटीचे आणि बँकेचे कागद करतो. वडगाव, खासबाग, शहापूर, कुठंही गेलो तरी हा प्रश्न कानावर येतो, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, कधी एकाच वाक्यात दोन्हींत. दर वेळी मी दोन मिनिटांत काहीतरी सांगून मोकळा व्हायचो आणि ते उत्तर अर्धवट असायचं. म्हणून आता नीट लिहितोय. ही ड्युटी विणकराला तारू शकते तशीच बुडवूही शकते. ती साखळीतल्या कुठल्या मालावर बसते, त्यावर सगळं अवलंबून आहे.

स्वस्त माल म्हणजे डंपिंग नव्हे

परदेशातून आलेला माल आपल्यापेक्षा स्वस्त आहे, एवढ्यावरून डंपिंग सिद्ध होत नाही. त्यांची यंत्रं नवी असतील, वीज स्वस्त असेल, एका कामगाराकडे चाळीस माग असतील. ती स्पर्धा झाली. डंपिंग म्हणजे परदेशी कंपनी तोच माल स्वतःच्या देशात ज्या दरानं विकते, त्याहून कमी दरानं आपल्याकडे पाठवते. घरी दीडशे, भारताला एकशेवीस. तुलना आपल्या दराशी होत नाही, त्यांच्याच घरच्या दराशी होते. बहुतेकांची चूक इथंच होते.

घरच्या त्या दराला 'सामान्य मूल्य' म्हणतात. दोन्ही दर कारखान्याच्या दारातले धरतात, म्हणजे जहाजभाडं, विमा, कमिशन सगळं वजा करून. नाहीतर तुलना सरळ होणार नाही. घरी विक्रीच नसेल, किंवा तिथला दर भरवशाचा नसेल, तर तिसऱ्या देशाला विकलेल्या मालाचा दर बघतात, नाहीतर उत्पादन खर्च, इतर खर्च आणि वाजवी नफा जोडून दर बांधतात. चीनच्या बाबतीत हा मुद्दा फार तापलेला आहे. चीन ११ डिसेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार संघटनेत आला, तेव्हा त्याच्या प्रवेशाच्या करारात एक कलम होतं. चिनी कंपनीनं आपल्याकडे बाजारभाव खरेच बाजारावर ठरतात हे दाखवून दिलं नाही, तर तिचे घरचे दर न धरण्याची मुभा इतर देशांना होती. त्यातला मुख्य भाग १५ वर्षांनी, म्हणजे २०१६ मध्ये संपला. आता काय करायचं, यावर देशादेशांत अजून वाद आहे.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. शंभर रुपयांचा माल बिलात साठ दाखवून आणणं म्हणजे डंपिंग नव्हे, ती कस्टमची फसवणूक आहे. परदेशी सरकार कारखान्याला पैसे देतं म्हणून माल स्वस्त होत असेल, तर त्यासाठी वेगळी ड्युटी आहे. एकाएकी मालाचा लोंढाच आला तर तिसरीच, तिला सेफगार्ड म्हणतात. अँटी-डंपिंगचं कलम म्हणजे १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यातलं ९अ. ती कशी ठरवायची याचे नियम १९९५ चे आहेत, आणि ते जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर बेतलेले आहेत. आपल्याला हवा तेवढा आकडा लावता येत नाही.

सीमा कुठली?

आपल्याकडे सीमा हा शब्द निघाला की डोळ्यांसमोर कोगनोळीचा नाका येतो. नाका ओलांडला की महाराष्ट्र, पुढं थोड्याच अंतरावर इचलकरंजी. तिथलं कापड इकडं येतं, इकडची साडी तिकडं जाते. या सीमेवर माणसांचं पुष्कळ अडतं, पण कापडावर ड्युटी लागत नाही. देशांतर्गत व्यापार मोकळा असावा, हे राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमातच आहे. अँटी-डंपिंग लागते ती देशाच्या कस्टमच्या सीमेवर, आपल्या मालासाठी बहुधा न्हावा शेवा बंदरात.

अण्णांना हे सांगितल्यावर ते थोडे नाराज झाले. त्यांनी आणलेली साडी चीनची नव्हती. दुकानदाराला फोन लावला, तर ती सुरतची निघाली. आमच्या विणकरांशी सर्वांत कडवी स्पर्धा वर्षानुवर्षं सुरतचीच आहे. सूत तिथंच तयार होतं किंवा सिल्वासाहून येतं, माग वेगवान, छपाई शेजारच्याच गल्लीत. बेळगावच्या मागावर तेच सूत गाडीभाडं देऊन येतं. या स्पर्धेवर अँटी-डंपिंगचा काडीचाही उपयोग नाही. त्याला विजेचा दर, नवे माग, सुताची सामुदायिक खरेदी, कर्ज असेच उपाय आहेत. आपल्या सगळ्या दुखण्याचं कारण चीन मानून बसलं, तर जवळचं दुखणं तसंच राहतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौकशी करणारे अधिकारीही हेच तपासतात. डंपिंग झालं आणि आपला धंदा बसला, या दोन गोष्टी खऱ्या असल्या तरी एवढ्यानं भागत नाही. धंदा त्या मालामुळेच बसला हे दाखवावं लागतं. मागणी बदलली, देशातल्याच कारखान्यांनी भाव पाडले, वीज गेली, अशा कारणांचं नुकसान बाजूला काढून मग उरलेलं मोजतात.

हिशेब कसा करतात

समजा पॉलिस्टर सुताची चौकशी चालू आहे. आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत. परदेशी कंपनी आपल्या देशात हे सूत किलोला १५० रुपयांना विकते, भारताला १२० ला. फरक ३० रुपये, निर्यात किमतीच्या २५ टक्के. हे झालं डंपिंग मार्जिन. हा फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर चौकशी तिथंच बंद करतात. एखाद्या देशाचा माल एकूण आयातीच्या तीन टक्क्यांहून कमी असेल तरीही सोडून देतात. असे छोटे देश मिळून सात टक्क्यांच्या वर जात असतील, तरच त्यांना धरतात.

आता दुसरा हिशेब. तेच सूत भाडं, विमा आणि नेहमीची सीमाशुल्काची रक्कम धरून आपल्या बंदरात १३० रुपयांना पडतं. भारतातल्या कारखान्याला कच्चा माल, वीज, पगार आणि वाजवी परतावा सुटण्यासाठी किती दर मिळायला हवा, हे अधिकारी कारखान्याच्या वह्या तपासून काढतात. समजा तो १४८ निघाला. फरक १८ रुपये. ही झाली नुकसानीची रक्कम.

ड्युटी ३० लागेल की १८? भारतात १८ लागेल. दोन्हींतली कमी असेल तेवढीच लावायची, असा आपला नियम आहे. घरच्या उद्योगाला झालेली इजा भरून निघावी, शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा विचार. मला तो योग्य वाटतो, कारण त्या सुताचे गिऱ्हाईकही आपलेच लोक आहेत.

"मग ते अठरा रुपये आम्हाला मिळतात काय?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. ते आयात करणाऱ्याकडून कस्टमकडे जातात आणि सरकारी तिजोरीत जमा होतात. अमेरिकेनं २००० मध्ये कायदा करून ही रक्कम तक्रार करणाऱ्या कंपन्यांना वाटायला सुरुवात केली होती. जागतिक व्यापार संघटनेनं २००३ मध्ये ते नियमबाह्य ठरवलं आणि २००६ मध्ये अमेरिकेला तो कायदा मागे घ्यावा लागला. आपल्या उद्योगाला मिळतो तो फक्त श्वास घ्यायला वेळ. साधारण पाच वर्षं. मुदत संपण्याआधी पुन्हा चौकशी करून ड्युटीची मुदत वाढवता येते.

अठरा रुपये साडीपर्यंत कसे येतात

आता हेच अठरा रुपये वडगावच्या मागावर आणू. एका साडीला समजा अर्धा किलो सूत लागतं. म्हणजे साडीमागे नऊ रुपये खर्च वाढला. परदेशी सुतावर ड्युटी बसली की देशी सूतगिरणीही आपला दर त्याच्याजवळ नेऊन ठेवते. त्यामुळे आमच्या विणकरानं परदेशी सुताची कांडी हातात धरली नसली, तरी नऊ रुपये त्याच्यावर येतातच. त्याला साडीमागे सुटतात किती? मजुरीवर काम करणाऱ्याला सूत मालक देतो, त्यामुळे त्याला थेट झळ लागत नाही. पण मालकाची ओढाताण झाली की पहिली कात्री मजुरीलाच लागते. स्वतः सूत घेऊन स्वतः विकणारा छोटा माणूस मात्र सरळ भरडला जातो.

परदेशी साडीचं कापड मात्र त्याच दराला येत राहिलं, कारण ड्युटी सुतावर होती, कापडावर नव्हती. म्हणजे त्याचा कच्चा माल महाग आणि स्पर्धकाचा तयार माल स्वस्त. ताणा-बाणा आवळला आणि साडीचा दर आहे तिथंच.

पॉलिस्टरची साखळी मोठी आहे. खनिज तेलापासून पीटीए आणि एमईजी ही रसायनं, त्यांपासून पॉलिस्टर, त्याचं सूत, मग माग, मग साडी. एक किलो पॉलिस्टरला साधारण ८६० ग्रॅम पीटीए लागतं. देशात ते बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांच्या मागणीवरून पीटीएवर अनेक वर्षं अँटी-डंपिंग ड्युटी होती आणि तिचा भार खाली खाली सरकत मागापर्यंत येत होता. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जनहिताचं कारण देऊन ती काढून टाकली. साखळीच्या वरच्या टोकाची ड्युटी खालच्या हजारो लोकांना महाग पडते, हे सरकारनं मान्य केलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

व्हिस्कोसच्या, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनणाऱ्या तंतूचंही तेच झालं. चीन आणि इंडोनेशियाच्या व्हिस्कोस तंतूवर २०१० पासून ड्युटी होती. देशात तो तंतू बनवणारी प्रमुख कंपनी एकच. सूतगिरण्या वर्षानुवर्षं तक्रार करत होत्या की, परदेशी माल अडवल्यानं देशी दरही चढाच राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ती ड्युटी गेली.

रेशमाची गोष्ट

हा सगळा प्रकार कर्नाटकात सर्वांत स्पष्ट दिसला तो रेशमात. देशात सर्वाधिक रेशीम कर्नाटकात होतं. रामनगरच्या बाजारात शेतकरी कोष आणतो, रीलर ते घेऊन धागा काढतो, तो धागा बंगळूरमार्गे आमच्यासारख्या गावांत येतो. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं तेव्हापासून इथं रेशमी काठाची साडी विणली जायची. जुन्या घरांत अजूनही अशी एखादी साडी ट्रंकेत निघते.

चीनचं कच्चं तुतीचं रेशीम इतक्या कमी दरात यायला लागलं की, इथल्या कोषाला भाव राहिला नाही. २००३ मध्ये त्यावर अँटी-डंपिंग ड्युटी लागली. तिची रीत वेगळी होती. एक ठरावीक दर धरला होता आणि आयात किंमत त्याच्या जितकी खाली, तितकी ड्युटी. कोष पिकवणारा शेतकरी आणि रीलर यांना आधार मिळाला. विणकरांना मात्र ती जाच वाटली. वाराणसीपासून दक्षिणेपर्यंत अनेक विणकर चिनी धागाच वापरत होते. तो एकसारखा असतो, तुटत नाही, यंत्रमागावर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चालतो. देशी धागा ताण्याला वापरला की माग दर थोड्या वेळानं थांबवून दोरा जोडावा लागतो, हे विणणाऱ्यालाच कळतं.

आणि कच्चा धागा अडवला तर तयार कापड येईल, ही भीती होतीच. २००६ मध्ये चीनच्या हलक्या वजनाच्या रेशमी कापडावरही, म्हणजे मीटरला २० ते १०० ग्रॅम वजनाच्या, वेगळी अँटी-डंपिंग ड्युटी लावावी लागली. नंतर धाग्यावरची ड्युटी संपली. २०११ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचं साधं सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आणलं. कोष उत्पादकांचे दर कोसळले, ओरड झाली, २०१३ मध्ये ते परत १५ टक्के केलं. एकाच राज्यातला शेतकरी आणि विणकर एकाच धाग्याच्या दोन टोकांना उभे होते आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं. मला यात खलनायक कुणी दिसत नाही. पण धोरण ठरवताना दोघांना एकाच वेळी समोर बसवलं जात नाही, हे खटकतं.

अर्ज कोण करू शकतं

चौकशी करणारी संस्था म्हणजे वाणिज्य मंत्रालयाखालचं व्यापार उपाय महासंचालनालय, डीजीटीआर. कार्यालय दिल्लीत संसद मार्गावर, जीवन तारा इमारतीत. २०१८ पर्यंत तिचं नाव वेगळं होतं. ती चौकशी करून फक्त शिफारस करते. ड्युटी लावायची की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं, तीन महिन्यांत. २०२० नंतर अर्थ मंत्रालयानं अशा बऱ्याच शिफारशी स्वीकारल्या नाहीत आणि त्यांत धाग्याच्याही होत्या.

अर्ज देशी उत्पादकांनी करायचा असतो आणि त्यालाही गणित आहे. पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन, हो किंवा नको म्हणणाऱ्या सगळ्यांच्या मिळून उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक हवं. शिवाय देशातल्या त्या मालाच्या सगळ्या उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवं. समजा देशात १०० गाठी होतात. २० गाठीवाले हो म्हणाले, १० गाठीवाले नको म्हणाले, ७० गाठीवाले गप्प. हो म्हणणारे विरोधकांच्या दुप्पट आहेत, तरी अर्ज टिकत नाही, कारण २५ झाले नाहीत.

आता विचार करा. पीटीए बनवणाऱ्या दोन-तीन कंपन्या एका टेबलाभोवती बसल्या की हा आकडा पूर्ण. त्यांच्याकडे वकील, सीए, तीन वर्षांचे तपासलेले ताळेबंद सगळं तयार. साडीच्या कापडाचं उत्पादन मात्र वडगाव, इचलकरंजी, भिवंडी, सुरत, मालेगाव अशा शेकडो गावांत, चार-चार, सहा-सहा मागांत विखुरलेलं. अर्ध्यांची विक्रीची वही बिनबिलाची. नुकसान दाखवायचं तर उत्पादन, विक्री, साठा, नफा, कामगार, क्षमतेचा वापर, सगळ्याची वर्षवार आकडेवारी हवी. ती कोण देणार? त्यामुळे साखळीच्या वरच्या टोकाच्या मालावर ड्युटी मागणं सोपं जातं आणि खालच्या टोकाच्या कापडावर मागणं अवघड. यात कुणाचा कट आहे असं मला वाटत नाही. नियमांची बांधणीच संघटित उत्पादकाला सोयीची आहे आणि यंत्रमाग संघटित नाही.

तरी वाट अगदीच बंद नाही. उत्पादक फार मोठ्या संख्येनं विखुरलेले असतील, तर पाठिंबा शास्त्रीय नमुना घेऊन मोजता येतो, अशी मुभा खुद्द जागतिक व्यापार संघटनेच्या करारात दिलेली आहे. आणि दुसरी गोष्ट आमच्या लोकांना जवळजवळ माहीतच नसते. सुतावर चौकशी सुरू झाली, तर ते सूत वापरणाऱ्यांनाही म्हणणं मांडायचा हक्क आहे. राजपत्रात चौकशीची सूचना येते, ठरावीक दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, तोंडी सुनावणीही होते. शेवटच्या निष्कर्षाआधी मुख्य मुद्दे सगळ्या पक्षांना कळवावे लागतात. चौकशी साधारण वर्षभर चालते, फार तर आणखी सहा महिने. या काळात वडगावहून एकही कागद गेला नाही, तर दिल्लीतल्या फाइलमध्ये वडगाव नसतंच.

पळवाटा

ड्युटी लागली की माल दुसरा वेश घेऊन येतो. आपल्या जिल्ह्याला जवळचं उदाहरण पोत्याचं आहे. बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांचा. १९८७ च्या कायद्याखाली साखरेचा काही हिस्सा तागाच्या पोत्यात भरावा लागतो, अलीकडे तो २० टक्के आहे. बांगलादेश आणि नेपाळच्या तागाच्या मालावर ५ जानेवारी २०१७ रोजी ड्युटी लागली. उत्पादक आणि मालानुसार टनाला ६.३० ते ३५१.७२ डॉलर. मग पोत्याऐवजी पोत्याचं कापड यायला लागलं, ते इथं शिवलं की पोतं तयार. २०१९ मध्ये त्या कापडावरही ड्युटी वाढवावी लागली. २०२२ च्या शेवटी मूळ ड्युटी आणखी पाच वर्षांसाठी पुढं नेली.

विणलेल्या कापडापेक्षा होजिअरीच्या, म्हणजे निटिंगच्या कृत्रिम कापडाचा प्रश्न वेगळा होता. बिलात दर फार कमी दाखवून ते येतंय, अशी तक्रार होती. त्यावर सरकारनं मार्च २०२४ मध्ये ठरवलं की, किलोला साडेतीन डॉलरच्या खाली असलेलं असं ठरावीक कापड आयातच करता येणार नाही. तेव्हाच्या दरानं ते २९० रुपयांच्या आसपास. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ प्रकारांवर २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांतलं जे जास्त ते सीमाशुल्क लावलं. किलोमागे ठरावीक रक्कम लावण्याचा फायदा हा की, बिलात किंमत कितीही कमी दाखवा, ११५ रुपये चुकत नाहीत. याला अँटी-डंपिंगसारखी वर्षाची चौकशी लागली नाही. पण हे निटिंगचं, आमच्या मागावरचं नव्हे.

बांगलादेशच्या तयार कपड्यांना २०११ पासून जवळजवळ शुल्कमुक्त प्रवेश आहे. मे २०२५ मध्ये भारतानं ते जमिनीवरच्या नाक्यांतून आणायला बंदी घातली आणि फक्त न्हावा शेवा व कोलकाता बंदरं खुली ठेवली. त्याचा अँटी-डंपिंगशी संबंध नाही, पण लोक सगळं एकाच टोपलीत टाकतात म्हणून लिहिलं.

आपणही आरोपी होतो

हे हत्यार आपल्यावरही चालतं. १९९० च्या दशकात युरोपनं भारताच्या कोऱ्या सुती कापडावर, म्हणजे इचलकरंजी-भिवंडीत निघतं तसल्या कापडावर, पुन्हा पुन्हा चौकश्या लावल्या. १९९७ मध्ये भारत, पाकिस्तान आणि इजिप्तच्या सुती चादरींवर तर ड्युटीच लावली. भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि मार्च २००१ मध्ये जिंकला.

त्यातला मुख्य मुद्दा फार शिकण्यासारखा आहे. समजा तीन प्रकारच्या चादरी आहेत आणि तिन्हींचा भारतातला दर शंभर. पहिली युरोपला ८० ला विकली, फरक वीस. दुसरी १२० ला विकली, म्हणजे उलटा वीस. तिसरी शंभरलाच. तिन्ही मिळून डंपिंग शून्य. युरोपनं उलटा वीस मोजलाच नाही, तो शून्य धरला. मग पहिल्या चादरीचे वीस उरले आणि डंपिंग 'सिद्ध' झालं. ही पद्धत चुकीची आहे, असा निकाल लागला. चादर सोलापूरची असो की आणखी कुठली, तिच्या बाजूनं कुणीतरी बसून आकडे तपासले म्हणून हे घडलं.

हे सगळं अण्णांना एका बैठकीत सांगून झालं नाही, तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "उद्या सुतावर चौकशी लागली, तर आम्ही काय दाखवायचं?" मी म्हटलं, सुताची बिलं, डेनियर (सुताच्या जाडीचं माप) आणि तारखेसकट, किमान मागच्या तीन-चार वर्षांची. साडीचा विक्रीदर. महिन्याला किती माग चालले, किती बंद होते. कामाला किती माणसं होती.

ते आत गेले आणि पत्र्याची एक पेटी घेऊन आले. बिलं होती, दोऱ्यानं बांधलेली, काहींवर कांडीच्या तेलाचे डाग. आम्ही ती वर्षवार लावायला बसलो. २०२१ च्या जुलैनंतरची सगळी सापडली, त्याआधीची नाहीत. वहिनी म्हणाल्या, ती त्यांच्या धाकट्या दिरांकडे असतील, खासबागला. रविवारी तिकडं जायचं ठरलंय.